क्रोशाचा ससा

(महागाव येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, हुंडा, शिष्यवृत्त्या इत्यादी विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे व तो योग्यच आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. क्रोशाच्या सुईने विणलेला आणि आत रुई भरलेला एक लहानसा ससा, एवढाच तो विषय होय. एका सेवानिवृत्त शिक्षकाने, त्यातही पुरुषाने, सुई-दोऱ्याविषयी चार शब्द बोलावेत याचे काहींस हसूही येईल. परंतु या सशाच्या पोटात रुईबरोबर आपल्या घरातील स्त्रियांचे श्रमही भरलेले असतात आणि ते आजवर कोणी मोजलेले नाहीत. ते मोजून दाखवावेत, एवढ्याचसाठी आम्ही येथे उभे आहोत.

क्रोशाचे काम आपल्या घरांस नवीन नाही. ‘क्रोशा’ हा शब्द मूळचा फ्रेंच भाषेतील असून त्याचा अर्थ लहानसा आकडा असा होतो. शब्द परका असला तरी वस्तू आपलीशी झाली आहे. दारावरचे तोरण, ताटावर झाकावयाचा जाळीचा रुमाल, बाळाचे टोपडे व मोजे या वस्तू आपल्या आया-आजींनी पिढ्यान् पिढ्या विणल्या. लग्नात रुखवत मांडले म्हणजे त्यात क्रोशाचे काम असावयाचेच. पाहुणे ते पाहत, ‘मुलीच्या हातात कला आहे’ असे म्हणत आणि पुढच्या वस्तूकडे वळत. त्या वस्तूस किती रात्री लागल्या, हे मात्र कोणी विचारीत नसे.

खेळणी घरी करण्याचीही आपणांकडे परंपरा आहे. चिंध्यांची बाहुली आपल्यापैकी बहुतेक वयस्क भगिनींनी केली असेल. तान्ह्या पोळ्यास आपली मुले लाकडी बैल सजवून मिरवितात. ससा हा प्राणी तर विदर्भातील मुलांच्या ओळखीचा. पऱ्हाटीच्या शेतात तो दिसतो आणि पान पडताच आभाळ कोसळले म्हणून पळणारा भित्रा ससा गोष्टीतून भेटतो. रानातील सशास पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे व ते दयेसही सोडून आहे. तेव्हा मुलाच्या हाती द्यावयाचा तो दोऱ्याचाच ससा बरा.

आता तो कसा करावा ते सांगतो. मध्यम जाडीचा सुती दोरा, अडीच मिलिमीटरची क्रोशाची सुई, भरण्यास पिंजलेली स्वच्छ रुई, शिवण्यास मोठ्या नेढ्याची सुई आणि डोळ्यांसाठी काळा दोरा, एवढे साहित्य पुरे. टाका एकच यावा लागतो. त्यास मुका खांब म्हणतात. सुई आधीच्या टाक्यात घालून दोरा ओढून घ्यावा, म्हणजे सुईवर दोन फासे होतात; मग पुन्हा दोरा घेऊन तो दोन्ही फाशांतून एकदम बाहेर काढावा. वीण घट्ट असावी, नाहीतर आतील रुई डोकावू लागते.

प्रथम डोके करावे. सरकत्या फाशात सहा मुके खांब विणून फास आवळावा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब घालावेत, बारा होतील. तिसऱ्या फेरीत एक साधा व पुढच्या टाक्यात दोन, या क्रमाने अठरा. चौथीत दोन साधे व पुढच्यात दोन, म्हणजे चोवीस. पाचवीत तीन साधे व पुढच्यात दोन, म्हणजे तीस. यानंतर पाच फेऱ्या तीस टाक्यांच्याच सरळ विणाव्यात. मग उलट क्रम धरावा. तीन साधे विणून पुढील दोन टाक्यांचा एक करावा, म्हणजे चोवीस. पुढील फेरीत अठरा. त्यापुढील फेरीत बारा. येथे रुई भरावी व तोंड बारा टाक्यांचे उघडे ठेवावे. फेरी कोठे सुरू झाली हे विसरू नये म्हणून पहिल्या टाक्यात निराळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवावा.

धड याच रीतीने करावे. फक्त चोवीसवर थांबून सहा फेऱ्या सरळ विणाव्यात आणि अठरा, बारा असे उतरत यावे. डोक्याचे तोंड बारा टाक्यांचे व धडाचेही बारा टाक्यांचे, म्हणून बारास बारा जुळवून शिवता येतात. प्रत्येक कानास पहिल्या तीन फेऱ्या सहा, नऊ व बारा टाक्यांच्या आणि मग बाराच्याच आठ फेऱ्या. कानात रुई भरू नये. तो चपटा करून डोक्यावर शिवावा. हात व पाय मिळून चार नळ्या. प्रत्येकीस सहा, नऊ व मग नऊच्याच चार फेऱ्या. शेपटीस सहा, बारा व पुन्हा सहा. इतके झाले म्हणजे ससा उभा राहतो.

सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस! हा सहाचा पाढा नव्हे काय? आम्ही आयुष्यभर मुलांकडून पाढे घोकून घेतले. परंतु पाढा बोटांनी विणता येतो व चुकल्यास ससा वाकडा होऊन चूक आपणच सांगतो, ही सोय फळ्यावर नाही. प्रत्येक फेरीत सहाच टाके वाढविले तर वीण चकतीसारखी सपाट राहते. कमी वाढविले तर वाटीसारखी वळते. जास्त वाढविले तर तिला झालरीसारख्या चुण्या पडतात. या चुण्यांचे महत्त्व गणितज्ञांनीही ओळखले आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील डाइना ताइमिना या विदुषीने १९९७ साली क्रोशाच्या सुईनेच भूमितीतील एक अवघड वक्र पृष्ठ विणून विद्यार्थ्यांच्या हाती दिले. कागदावर जे नीट उमजत नव्हते ते हातात धरून पाहता आले.

साहित्याविषयी दोन सूचना आवश्यक आहेत. बाजारात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतील बहुतेक मेंढीच्या लोकरीचे नसून ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे असतात. आपल्या भागातील उन्हाळ्यात तान्ह्या बाळाच्या अंगाशी सुती दोराच सुखावह. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. रुई शोधावयास दूर जावे लागत नाही. मात्र सरकी व कचरा पूर्णपणे काढलेला असावा आणि खेळणे धुतल्यावर उन्हात आतपर्यंत वाळवावे, कारण रुई ओल धरते व तिच्या गोळ्या होतात. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. तीन वर्षांखालील मुलाच्या सशास मणी किंवा गुंडी यांचे डोळे कदापि लावू नयेत. ते सुटून मुलाच्या घशात अडकू शकतात. डोळे व नाक दोऱ्यानेच भरावेत, आणि कान व शेपूट ओढून पाहून मगच ससा मुलाच्या हाती द्यावा.

आता हिशेबाकडे वळतो. वर सांगितलेल्या सशाच्या टाक्यांची आम्ही बेरीज केली. डोके २९४, धड २३४, दोन कान २४६, हातपाय २०४ आणि शेपूट २४, एकूण १००२. एक हजार दोन वेळा सुई आत जाते व दोरा घेऊन बाहेर येते. भरणे, शिवणे व डोळे काढणे निराळेच. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सुयांवरचे विणकाम यंत्राने होते, कापड यंत्राने होते. परंतु खरी क्रोशाची वीण मोठ्या प्रमाणावर काढणारे यंत्र आजही बाजारात नाही. जगात कोठेही क्रोशाची वस्तू विकावयास आलेली दिसली, तर ती कोणाच्या तरी हातांनी विणलेली आहे असे समजावे. आणि ती अतिशय स्वस्त असेल, तर त्या हातांस काय मिळाले असेल याचाही विचार करावा.

या बाबतीत इतिहासातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला व पुढे कित्येक वर्षे भीषण दुष्काळ माजला. त्या काळात तेथील मठांतील जोगिणींनी गरीब स्त्रिया व मुली यांस क्रोशाची जाळी विणण्यास शिकविले. ती जाळी परदेशच्या श्रीमंत घरांत विकली गेली आणि शेत बुडालेल्या कित्येक कुटुंबांच्या मुखी सुईने घास घातला. दुसरे उदाहरण आपल्याच देशातील, गोदावरीकाठच्या नरसापूरचे. मिशनऱ्यांच्या द्वारे एकोणिसाव्या शतकात तेथे ही कला रुजली व हजारो स्त्रिया घरबसल्या जाळी विणू लागल्या. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने तेथे राहून अभ्यास केला व १९८२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिने दाखविले ते असे, की माल परदेशी जात होता व व्यापारी सधन होत होते. परंतु विणणाऱ्या स्त्रियांची गणना कामगारांत होतच नव्हती. त्या ‘घरी बसलेल्या’ गृहिणी आणि त्यांचे काम म्हणजे फावल्या वेळचा छंद, असा समज होता. म्हणून मोबदलाही छंदास शोभेल इतकाच मिळे. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशाच्या जाळीस भौगोलिक मानांकन लाभले, ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही ग्रंथातील तो धडा जुना झालेला नाही.

तो धडा आपणांसही लागू आहे. ‘रिकामी बसली होती, म्हणून विणले’ असे आपण सहज बोलून जातो. स्वयंपाक, धुणीभांडी, निंदणी, वेचणी आणि लेकरे सांभाळून जी स्त्री रात्री सुई हाती घेते, ती रिकामी कशी? शशशृंग ज्याप्रमाणे नसते, त्याप्रमाणे आपल्या घरातील बाईचा रिकामा वेळही नसतो. तो ती झोपेतून कापून काढते.

येथे आमच्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये. आमच्या याच तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांच्या कुटुंबाचा १९ मार्च १९८६ रोजी जो करुण अंत झाला, त्याच्या स्मरणार्थ आजही महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लोक त्या दिवशी अन्नत्याग करतात. अशा तालुक्यात उभे राहून ‘ससे विणा म्हणजे कर्ज फिटेल’ असे सांगणे हा निर्दयपणा ठरेल. कापसाचा भाव, पाणी व कर्ज हे प्रश्न सुईने सुटणारे नव्हेत. आमचे म्हणणे त्याहून पुष्कळ लहान आहे. घरात चार पैसे स्त्रीच्या स्वतःच्या श्रमाचे आले, तर ते तिच्या नावे व तिच्या हाती असावेत. मुलाच्या वहीसाठी किंवा स्वतःच्या औषधासाठी तिला कोणाचे तोंड पाहावे लागू नये.

म्हणून मंडळापुढे काही सूचना ठेवतो. पहिली अशी की, महिला शाखेने या कामाची एक वही ठेवावी. वस्तूस लागलेला दोरा, रुई व तास यांची नोंद व्हावी आणि किंमत तासांवरून ठरावी. केवळ दोऱ्याच्या दरावरून नव्हे. नात्यातील माणसाने फुकट मागितल्यास वहीत ‘भेट’ असे लिहून तिचेही मूल्य मांडावे, म्हणजे आपण काय दिले ते निदान कळेल. दुसरी सूचना अशी की, दोरा एकेकीने न आणता महागाव, गुंज, फुलसावंगी, हिवरा येथील भगिनींनी बचत गटामार्फत एकत्र आणावा. तिसरी सूचना कायद्याची आहे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळणी विकण्यास भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन आवश्यक करण्यात आले. विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालास त्यातून सूट देण्यात आली. तेव्हा ज्यांस घराबाहेर विक्री करावयाची आहे, त्यांनी कारागीर म्हणून नोंदणी करून घ्यावी व यवतमाळच्या जिल्हा उद्योग केंद्रात नियमांची चौकशी करावी.

शेवटची सूचना मुलग्यांविषयी आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार महात्मा गांधींनी तेथे देशापुढे ठेवला. त्या पद्धतीच्या शाळांत मुलगेही टकळीवर सूत काढीत व त्यात कोणास कमीपणा वाटत नसे. मग क्रोशाची सुई केवळ मुलींच्याच हाती का असावी? ज्या मुलाने स्वतः एक हजार दोन टाके घालून ससा पुरा केला, तो पुढे आईच्या किंवा पत्नीच्या विणकामास ‘रिकामपणचा उद्योग’ म्हणण्यास धजणार नाही, असा आम्हांस विश्वास वाटतो.

पुढील संमेलनात महिला शाखेच्या वहीतील आकडे मंडळाच्या वार्षिक हिशेबाशेजारी छापून यावेत, एवढी आमची विनंती आहे.