आकडेवारीचा दुभाषा बदलताना



चाळीसगाव तालुक्यातील एखादा वृद्ध शेतकरी अहिराणीत आपली तक्रार सांगत असतो आणि ती ऐकणारा अधिकारी कोकणातून नुकताच बदलून आलेला असतो. अशा वेळी दोघांच्या मध्ये तिसरा माणूस उभा राहतो. कधी तो कोतवाल असतो, कधी गावचा शिक्षक. शेतकरी तोच, अधिकारी तोच, तक्रारही तीच. परंतु दुभाषा बदलला की कागदावर उतरणारा जबाब थोडाफार बदलतो. संगणकाच्या क्षेत्रात अशा दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. नाव काहीसे फसवे आहे, कारण तो काहीच हाकत नाही. एका बाजूस डेटाबेस, म्हणजे नोंदींचे कोठार. दुसऱ्या बाजूस त्या नोंदींवरून तक्ते व आलेख काढून देणारी पॉवर बीआय किंवा टॅब्लो यांसारखी साधने. आणि या दोहोंमध्ये निरोप पोहोचविणारा हा ड्रायव्हर.

प्रत्येक डेटाबेसची बोली निराळी असल्यामुळे पूर्वी प्रत्येक साधनाला त्या साऱ्या बोली शिकाव्या लागत. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी ही सामाईक रीत प्रचारात आणली. जावा भाषेतील प्रणालींसाठी १९९७ मध्ये जेडीबीसी आली. साधनाने एकच रीत पाळावी आणि भाषांतराचे काम त्या त्या ड्रायव्हरने करावे, अशी वाटणी तेव्हापासून रूढ झाली.

ड्रायव्हर बदलण्याची वेळ सहसा कोणी हौसेने आणत नाही. जुना ड्रायव्हर निर्मात्यानेच मोडीत काढलेला असतो. एस्क्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या २०२२ च्या आवृत्तीतून ‘नेटिव्ह क्लायंट’ हा जुना ड्रायव्हर वगळण्यात आला. त्याच वर्षी आलेल्या ओडीबीसी ड्रायव्हर १८ ने संदेश सांकेतिक स्वरूपात पाठविणे ही डीफॉल्ट रीत केली. परिणामी सर्व्हरवर मान्य प्रमाणपत्र नसेल तर कालपर्यंत सुरळीत चालणारी जोडणी एकाएकी नाकारली जाते. अशा वेळी ‘सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवा’ हा पर्याय निवडून काम पुढे रेटण्याचा मोह होतो. तो पर्याय म्हणजे ओळखपत्र न पाहताच दार उघडणे होय. चार दिवसांची सोय म्हणून तो क्षम्य मानता येईल. कायमची व्यवस्था म्हणून मात्र प्रमाणपत्रच बसविले पाहिजे.

तथापि जोडणी तुटणे हा प्रकार त्यातल्या त्यात बरा. तो ताबडतोब दिसतो आणि कोणीतरी दुरुस्तीला धावतो. खरा धोका आहे तो जोडणी यशस्वी होऊनही आकडे बदलण्याचा.

गट क्रमांकाचेच उदाहरण घ्यावे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये जेथे जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेथे शेताची ओळख गट क्रमांकाने होते. तक्त्यात ४५, ४६ असे साधे आकडे असतात आणि मध्येच ४७/२ असा पोटहिस्सा येतो. एक्सेलची फाइल वाचणारा मायक्रोसॉफ्टचा एसीई ड्रायव्हर सामान्यतः पहिल्या ८ ओळी पाहून स्तंभाचा प्रकार ठरवितो. त्या ओळींत साधे आकडेच असले तर तो स्तंभ ‘संख्या’ गणला जातो, आणि पुढे येणारा ४७/२ हा मजकूर असल्यामुळे त्याच्या जागी रिकामा रकाना येतो. कोठेही चूक झाल्याची सूचना मिळत नाही. एका शेतकऱ्याचा पोटहिस्सा तेवढा यादीतून निघून गेलेला असतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगावात हाहाकार उडाला. अशा आपत्तीनंतर पंचनाम्यांच्या याद्यांवरच मदतीचे वाटप अवलंबून असते. तेथे रिकामा रकाना म्हणजे रिकामा हात! बँकेच्या खाते क्रमांकाचेही तसेच आहे. तो ‘संख्या’ ठरला की सुरुवातीची शून्ये गळतात, आणि १५ पेक्षा अधिक आकडे असले तर शेवटच्या आकड्यांचाही भरवसा राहत नाही.

रिकामा रकाना आणि शून्य यांतील भेद या तालुक्याला कोणी नव्याने सांगावा असे नाही. येथून जवळच पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा इ.स. १२०७ चा शिलालेख आहे, आणि ‘लीलावती’त शून्याच्या गणिताला स्वतंत्र स्थान आहे. पर्जन्यमापकावर पाऊस ० मिलिमीटर भरणे ही एक नोंद आहे. त्या दिवशी मापक कोणी पाहिलेच नाही, ही नोंदच नव्हे. एका ड्रायव्हरमधून ‘नोंद नाही’ हे शब्द जसेच्या तसे येतात, दुसऱ्यामधून रिकामी जागा येते, आणि पुढे कोणी ती शून्याने भरली की मंडळाच्या पावसाची सरासरी विनाकारण खाली येते.

मराठी अक्षरांची गत आणखी निराळी. पोस्टग्रेस या डेटाबेसचा विंडोजवरील ओडीबीसी ड्रायव्हर ‘एएनएसआय’ व ‘युनिकोड’ अशा दोन रूपांत मिळतो. घाईत पहिला निवडला तर देवनागरी गावनावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. तारखांबाबतही जपावे लागते. एस्क्यूएल सर्व्हरचा अगदी जुना ड्रायव्हर ‘दिनांक’ हा प्रकार ओळखत नाही. तो तारीख साध्या मजकुराच्या रूपात देतो. मग ०७/०६ म्हणजे ७ जून की ६ जुलै, हे संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर ठरते. खरीप पेरणीच्या अहवालात हा महिन्याचा फरक लहान नव्हे.

यासाठी करावयाचे काम अवघड नाही. त्याला चिकाटी मात्र लागते. नवा ड्रायव्हर जुन्याच्या शेजारीच बसवावा, जोडणीला वेगळे नाव द्यावे आणि एकच अहवाल दोन्ही मार्गांनी काढावा. ओळींची संख्या, रकमांची बेरीज, प्रत्येक स्तंभातील रिकामे रकाने, सर्वांत जुनी व सर्वांत नवी तारीख एवढे जुळवून पाहावे. नुसती बेरीज जुळली म्हणून थांबू नये, कारण हरवलेला गट क्रमांक बेरजेत दिसतच नाही. एका गावाची यादी छापून ग्रामपंचायतीच्या किंवा तलाठ्याच्या दप्तराशी ओळीने ताडून पाहावी. हे काम संगणकतज्ज्ञापेक्षा गाव माहीत असलेल्या सदस्यालाच चांगले जमते. कोणाचा पोटहिस्सा गाळला गेला, हे त्याच्या चटकन लक्षात येते.

एक तपशील बहुधा विसरला जातो. अधिकाऱ्याच्या मेजावरील संगणकात नवा ड्रायव्हर बसतो. पण रात्री आपोआप अहवाल ताजा करणारे यंत्र वेगळे असते आणि तेथे जुनाच राहतो. त्या यंत्रावर ३२ बिटचा ड्रायव्हर आणि ६४ बिटचे साधन अशी विजोड जोडी असेल तर जोडणीच होत नाही, आणि सकाळी पडद्यावर आदल्या आठवड्याचेच आकडे झळकत राहतात. म्हणून दोन्ही यंत्रांवरील ड्रायव्हरचे नाव, आवृत्ती आणि बदलाचा दिनांक कार्यालयाच्या नोंदवहीत लिहून ठेवावा, आणि किमान एक मासिक अहवाल दोन्ही मार्गांनी जुळल्याखेरीज जुना ड्रायव्हर काढू नये.