चोथ्यातली बेगमी

मंडळी, या टेबलावर दोन बरण्या आहेत. दोन्हींत कॉफीचा चोथा आहे आणि दोन्ही आमच्या कोपऱ्यावरच्या उडप्याकडून भरून आणल्या आहेत. पहिली कालची; झाकण काढलं तर पुढच्या दोन रांगांना वास येईल. दुसरी मागच्या आठवड्यातली. तीत हिरवट बुरशी धरली आहे, ती मी उघडणार नाही. पण आजच्या विषयातली अर्धी अडचण त्याच बरणीत आहे, म्हणून ती मुद्दाम आणली.

आता हा कागद फिरवतो, उजेडासमोर धरून बघा. थोडा चोथा वाळवून या कागदात रात्रभर दाबून ठेवला होता. तेलकट डाग दिसतो? कॉफीच्या बीत तेल असतं आणि ते पाण्यात सहज उतरत नाही. आपण वास पितो, कडवटपणा पितो. तेल बहुतेक सगळं चोथ्यात राहतं, वाळलेल्या चोथ्याच्या वजनात 10 ते 15 टक्के. माझा डाग जरा फिका आहे, कारण उडप्याच्या पावडरीत चिकोरी असते. ती पडली मुळी, तिच्यात तेल नसल्यातच जमा.

हे तेल खाणारा एक जिवाणू आहे, कुप्रियाव्हिडस नेकाटर. नाव अवघड, पण उद्योग ओळखीचा. वैशाख चालू आहे, तुमच्यापैकी कुणाच्या तरी गच्चीवर आत्ता कुरडया असतील. कोकणात याला आगोटीची बेगमी म्हणतात. हा जिवाणूही बेगमी करतो. खायला कार्बन भरपूर आहे, पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपला, अशी वेळ आली की त्याची वाढ अडते. नव्या पेशी बांधायला प्रथिनं लागतात आणि प्रथिनांना नायट्रोजन. मग तो आलेला कार्बन वाया घालवत नाही. त्याच्या लहान कड्या करतो, कडीला कडी जोडत लांब साखळी करतो आणि त्या साखळ्यांचे कण पोटात साठवतो. पोट किती फुगावं? पेशी वाळवून तोलली, तर वजनाचा 80 टक्के भाग हा साठाच निघू शकतो. पुढे उपासमार आली की साखळी तोडायची आणि खायची.

ही साखळी म्हणजे पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, थोडक्यात पीएचबी. त्याच्या दृष्टीनं चरबी, आपल्या दृष्टीनं प्लास्टिक. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लेम्वान यांनी 1926च्या सुमारास दुसऱ्या एका जिवाणूत ती ओळखली. हे प्लास्टिक मातीत का कुजतं, हेही आता सांगायला नको. जिथं बेगमी तिथं उंदीर. मातीतल्या कितीतरी जिवाणूंकडे आणि बुरशींकडे ही कोठी फोडण्याची विकरं असतात.

इथं एक खुलासा. चोथा कसल्यातरी चिकट द्रव्यात कालवून दाबलेले कप बाजारात मिळतात. दिसायला छान असतात, पण तो चोथा नुसता भर म्हणून घातलेला असतो, घडवलेला नसतो. मी बोलतोय ते वेगळं.

चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो शहरातल्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली चोथ्याचं तेल या जिवाणूला घालून पाहिलं. एक ग्रॅम तेलामागे 0.82 ग्रॅम पीएचबी मिळालं. साखर घातली तर कागदावरच्या हिशेबानंसुद्धा निम्म्याच्या वर जाता येत नाही. तेल हे घट्ट अन्न, त्यात कार्बन ठासून भरलेला. म्हणजे बिनचिकोरीची शंभर कप कॉफी केली, तर चोथ्यातून ऐंशीएक ग्रॅम प्लास्टिक निघायला हरकत नाही.

मग आपल्या घरात ते का नाही? जिवाणूची चूक नाही, तो आपलं काम चोख करतो. अडतं त्याच्या आधी आणि नंतर. आधी ही दुसरी बरणी. ओला चोथा शंभर हॉटेलांतून गोळा करून वाळवेपर्यंत बुरशी आपली वाटणी घेऊन मोकळी होते. नंतर पेशी फोडून साठा बाहेर काढायचा, तो धुवायचा. खर्च तिथं चढतो. शिवाय नुसतं पीएचबी ठिसूळ असतं, आणि वितळण्याच्या तापमानाच्या थोडं वर गेलं की बिघडू लागतं. एका ब्रिटिश कंपनीनं साखरेवर जिवाणू वाढवून याचाच लवचीक भाऊबंद तयार केला होता. 1990मध्ये जर्मनीत त्याच्या शाम्पूच्या बाटल्या विकायला आल्या. बाटली चांगली होती, पण पेट्रोलियमच्या प्लास्टिकपुढे भावात टिकली नाही.

म्हणून माझं मत असं, की हॉटेलांच्या मागे लागू नये. इन्स्टंट कॉफीच्या कारखान्यात जावं. तिथं एक टन हिरव्या बीमागे साधारण 650 किलो चोथा एकाच दारातून बाहेर पडतो, रोज, बिनचिकोरीचा. तुम्ही म्हणाल, तो तर ते बॉयलरमध्ये जाळतात, फुकटचं जळण कोण सोडेल? बर्नोच्या मंडळींनी तेही मोजलं होतं. तेल काढून घेतल्यावर उरलेला चोथा किलोमागे 18 मेगाज्यूलच्या आसपास उष्णता देतो. वाळकं लाकूडही एवढंच देतं. भट्टीवरच्या माणसाला फावडी थोडी जास्त मारावी लागतील, एवढंच.