परदेशगमन आणि कुटुंबाचा हक्क



1913 साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा माता रमाई मुंबईतच राहिल्या. ती शिष्यवृत्ती एका विद्यार्थ्यापुरती होती. आज आपली मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जातात, तेव्हा पत्नी किंवा पती मागे राहण्याचे कारण पुष्कळदा कायद्याचे अज्ञान हेच असते. म्हणून कुटुंब सोबत नेण्याचा हक्क कोणास आहे, हे आज मी आपणांस ब्रिटनच्या उदाहरणाने सांगणार आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, त्या कायद्याच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे पती अथवा पत्नी व अठरा वर्षांखालील मुले. आईवडील त्यात येत नाहीत. शिवाय 1 जानेवारी 2024 पासून तेथे वर्गात शिकून पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या नव्या विद्यार्थ्यास कुटुंब नेता येत नाही. डॉक्टरेट व संशोधनाच्या पदवीचे विद्यार्थी, तसेच सरकारी शिष्यवृत्तीवर सहा महिन्यांहून अधिक काळाचा अभ्यासक्रम करणारे, यांना मात्र ती मुभा आहे. आपली शिष्यवृत्ती या सवलतीत बसते की नाही, हे प्रवेश स्वीकारण्यापूर्वीच विद्यापीठाकडून लेखी मागून घ्या.

नोकरीचेही तसेच आहे. पदवीच्या दर्जाखालील कामासाठी 22 जुलै 2025 नंतर कुशल कामगार म्हणून नव्याने जाणाऱ्यास कुटुंब नेता येत नाही. वृद्धांची व रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या कामगारांची परदेशातून होणारी नवी भरती तर त्याच दिवशी बंद झाली. तेव्हा असल्या कामाचा व्हिसा बायकामुलांसह मिळवून देतो, असे जो दलाल आज सांगेल, त्याच्या हाती एक पैसाही ठेवू नका.

ज्यांना हक्क आहे, त्यांना तो कागदाने सिद्ध करावा लागतो, आणि येथेच आपली कुटुंबे अडतात. आपले विवाह विहारात किंवा मंडपात त्रिशरण-पंचशील घेऊन होतात. हिंदू विवाह कायदा, 1955 हा बौद्धांनाही लागू असल्याने ते विवाह त्याच्या कक्षेत येतात. परंतु विहाराचे प्रमाणपत्र म्हणजे सरकारी नोंदणी नव्हे. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यानुसार विवाहाची नोंद नव्वद दिवसांत करावयाची असते. मुदत उलटली असली तरी उशिराची नोंद करून घेता येते. ती आजच करा. आडनाव बदलले असेल, तर पासपोर्ट, विवाहाचा दाखला व मुलांचे जन्मदाखले यांत नावे जुळतात का, तेही पाहा. जुळत नसतील, तर नावबदल राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या.

पैशाचा हिशेब आधीच मांडावा. कुशल कामगाराच्या मालकाने हमी दिली नाही, तर पत्नीसाठी 285 पौंड, पहिल्या मुलासाठी 315 व पुढील प्रत्येकासाठी 200 पौंड सलग 28 दिवस बँकेत शिल्लक दाखवावे लागतात. याखेरीज 6 फेब्रुवारी 2024 पासून आरोग्य अधिभार प्रौढास दरसाल 1,035 पौंड आहे. पाच वर्षांच्या व्हिसासाठी एका व्यक्तीचे 5,175 पौंड होतात, आणि ते अर्जासोबतच भरावे लागतात.

भगिनींनो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. व्हिसावर तुम्हांला 'आश्रित' म्हटले असले, तरी कुशल कामगाराच्या पत्नीस तेथे स्वतः नोकरी करता येते. ब्रिटनचा व्हिसा आता संगणकावरील खात्यात असतो. ते खाते तुमच्याच ई-मेलवर व तुमच्याच मोबाईल क्रमांकावर उघडा, आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. घरात छळ झाला, तर व्हिसा पतीवर अवलंबून आहे म्हणून मुकाट्याने सोसू नका. 16 फेब्रुवारी 2024 पासून कामगार व विद्यार्थी यांच्या छळपीडित पत्नीलाही तीन महिन्यांच्या स्वतंत्र वास्तव्यासाठी व सरकारी साहाय्यासाठी अर्ज करता येतो.

आणि बंधूंनो, परदेशी जाण्याचा बेत पत्नीला शेवटी कळवू नका. अर्ज भरण्यापूर्वी तिला शेजारी बसवा, नियम दोघांनी मिळून वाचा आणि सोबत जायचे की मागे राहायचे, हे दोघांनी मिळून ठरवा. नियम वारंवार बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पुन्हा पाहा. तिच्या संमतीवाचून तिच्या संसाराचा निर्णय करण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने आपणांस दिलेला नाही.

जय भीम!