अर्भकाच्या आईबापांची रात्र
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणगौरव व वधूवर-परिचय आटोपला आणि भोजनास अवकाश असला, की निवृत्त शिक्षकास बोलावयास सांगण्याचा प्रघात आहे. आम्हांस त्याचा विषाद नाही. मात्र आज उपदेश न करता एक मागणी करावयाची आहे.

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पुढे उद्योग थेट चाकणपर्यंत पसरले. आपली वडीलधारी मंडळी गावाकडून आली, ती कोणा ना कोणा ज्ञातिबंधूच्या एका खोलीत उतरली. आल्यागेल्यास पथारीपुरती जागा देणे, हेच आपल्या मंडळाचे मूळ होय. घटना, पावतीपुस्तके व ही इमारत मागाहून आली.

आता एक हकिगत ऐका. चाकणला कंत्राटी कामावर असलेला लातूरकडील एक तरुण आमच्या परिचयाचा आहे. त्याचे बाळ बत्तिसाव्या आठवड्यातच जन्मले व नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. पोट चिरून प्रसूत झालेल्या आईस सहाव्या दिवशी रजा मिळाली. बाळ तेथेच राहिले. बिऱ्हाड वीस किलोमीटरांवर, आणि मोशी-चाकण रस्त्यावरची कोंडी तुम्हांस सांगावयास नको. टाके ओले असता ती माउली दिवसा बाकावर बसे व रात्री जिन्याखाली चटई टाकी. पहारेकरी तेथूनही उठवी. नवरा दुसरी पाळी संपवून येई आणि दुचाकीवरच डोळा लावी. खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी बुडे. अकराव्या दिवशी ती थकून घरी गेली, आणि आठवडाभरात दूध आटले. बाळ वाचले, ही परमेश्वराची कृपा.

दूध आटले, हे शब्द किरकोळ वाटतील. इतक्या लहान बाळास ओढण्याची शक्ती नसते. आईने काढून दिलेले दूध नळीने पाजतात. ते टिकावयाचे तर दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून आठ वेळा काढावे लागते. रात्रीचा क्रम तुटला की ते कमी होऊ लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कोवळ्या आतड्यास त्याच दुधाचा मोठा आधार असतो. मुंबईस शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दुग्धपेढी काढून असंख्य बाळांची सोय केली. तरीही आईचे स्वतःचे दूध ते पहिले. तशीच आईच्या छातीची ऊब. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली ही उबेची रीत सुरू झाली. दिल्लीसह पाच देशांतील रुग्णालयांत केलेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मतःच आईच्या उराशी ठेवलेल्या लहानग्यांतील मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने घटलेले दिसले. म्हणजे आईने जवळ असणे ही निव्वळ माया नव्हे, तो औषधोपचाराचाच भाग आहे. औषधाची बाटली आपण जिन्याखाली ठेवीत नाही.

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम. असेल. परंतु मुंबईस जे. जे. रुग्णालयातील रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी राहावी म्हणून गाडगेमहाराज झटले, ते सरकारची वाट पाहून नव्हे. परदेशांतही, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, आजारी मुलांच्या आईबापांसाठी १९७४ साली असेच घर निघाले.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, आणि तो याच सभागृहात कुजबुजला गेला आहे: इमारत ज्ञातीच्या पैशाची, तीत परके का? यावर आमचे मत स्पष्ट आहे. काचेच्या पेटीतील बाळाचे आडनाव कोणी विचारीत नाही. रात्री दोन वाजता दार ठोठावणाऱ्या बाळंतिणीसही आम्ही ते विचारणार नाही.

पिंपरीतील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आपल्या इमारतीपासून पायी जाण्याजोगे आहे. वरच्या मजल्यावरील दोन खोल्या लग्नसराई वगळता बंदच असतात. तेथे चार खाटा, गरम पाणी, दूध ठेवण्यास लहान फ्रीज, भांडी उकळण्यास शेगडी आणि रात्री आईस रुग्णालयापर्यंत सोबत करील अशी एक बाई, एवढे पुरे. दूर कोठे प्रशस्त जागा मिळत असेल तरी ती नको. चालत जाता आले नाही तर खोलीचा उपयोग नाही. खर्चासाठी पुढील वर्षी सत्काराच्या शाली कमी कराव्या. आमच्या घरी अशा चार आहेत. त्या आम्ही पांघरुणास देऊ.

ठराव लिहून आणला आहे. अनुमोदक हवा आहे.