ड्रायव्हरने बिऱ्हाड कुठे करावे?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मला ‘निवृत्तांसाठी गुंतवणूक’ या विषयावर बोला असे सांगितले होते. पण खरे सांगायचे तर आपल्यातले निम्मे निवृत्त माझ्यापेक्षा हुशार आहेत, आणि उरलेल्यांचे पैसे मुलांच्या लग्नात गेलेले आहेत. तेव्हा आज वेगळाच हिशेब मांडतो. तो आपल्या सोसायटीशी कसा जुळतो, ते शेवटी कळेल.

दिवाळीनंतर माण तालुक्यातला एक तरुण माझ्याकडे आला. वय बत्तीस. आपल्याच एका सभासदाचा गाववाला. साताऱ्याच्या एमआयडीसीत ट्रक चालवतो. चार जणांत खोली, आणि दर रविवारी दहिवडीकडे घरी. घरी आई, बायको, चौथीतली मुलगी आणि बालवाडीतला मुलगा. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने त्याला बोलावले होते. म्हणाला, “काका, पगार वाढतोय. पण कामोठ्यात बिऱ्हाड करायचं म्हणजे छाती होत नाही. काय करू?”

आपला भाग महाग का झाला, हे तुम्हाला मी सांगायला नको. सिडको 1970 ची, न्हावा-शेव्याचे बंदर 1989 चे, मुंबईतला लोखंड बाजार कळंबोलीला आला, 2002 पासून पुण्याचा एक्स्प्रेस वे पुरा सुरू झाला, 2024 च्या जानेवारीत अटल सेतू आणि उरणची लोकल. प्रत्येक वेळी आपल्या जागेचा भाव चढला आणि आपण पेढे वाटले. पण बंदर आणि बाजार चालतो तो ट्रेलरवर, आणि ट्रेलर ज्याच्या हातात असतो त्याला इथे खोली परवडत नाही, ही यातली गंमत आहे. गंमत म्हणजे आपल्यासाठी. त्याच्यासाठी नाही.

बँकेत असताना मी ट्रकच्या कर्जाचे अर्ज पुष्कळ तपासले. आम्ही ड्रायव्हरच्या भत्त्याला उत्पन्न धरत नसू. भत्ता आणि खुराकी रस्त्यातच खपते. जेवण, पंक्चर, पार्किंग, आणि नाव न घेता द्यावे लागणारे आणखी काही. म्हणून त्याला पहिली गोष्ट सांगितली, भत्ता बाजूला ठेव, फक्त पगार सांग. आणि तो पगार खात्यात येतो की हातात, तेही सांग. खात्यात येत नसेल तर उद्या कर्ज मागायला गेलास की तू कागदावर बेकारच.

त्याला दोन कामे देऊ केली होती. एक ‘लाइन’चे, म्हणजे गुजरात, दिल्ली, बंगळूर, जिथे माल असेल तिथे. पगार 30,000. दुसरे ‘लोकल’, म्हणजे बंदरातून कंटेनर उचलायचा आणि आसपासच्या यार्डात टाकायचा. पगार 26,000. साताऱ्यात मिळत होते 17,000.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कामोठ्यातली वन रूम किचन, भाडे 9,000, डिपॉझिट 30,000. गावाकडे दूध घरचे, ज्वारी घरची, भाजी बांधावरची. इथे ते सगळे विकत, लाइट-गॅस धरून 4,000 जादा. बायको गावात शिवणकाम करून 3,000 मिळवत होती, ते बंद. असे महिन्याला 16,000 लागणार. लोकलचे काम घेतले तर पगारात वाढ 9,000, आणि साताऱ्याच्या खोलीचे व मेसचे 5,500 वाचणार. म्हणजे 14,500 हातात आणि 16,000 खर्च. 1,500 ची तूट. लाइनचे काम घेऊन बिऱ्हाड इथे आणले, तर वाढ 13,000, पण मेसचे पैसे वाचत नाहीत, कारण रस्त्यात खाणे आलेच. खोलीचे 2,000 तेवढे वाचतात. तूट 1,000. थोडक्यात दोन्ही सारखेच.

मग मी त्याला विचारले, “महिन्यातल्या किती रात्री घरी झोपशील?”

हा प्रश्न बँकेच्या फॉर्मात नव्हता. पण ड्रायव्हरच्या घराचे भाडे महिन्याने मोजू नये, रात्रीने मोजावे, असे माझे मत आहे. लाइनवर तो महिन्यात सहा रात्री घरी असणार. 9,000 भागिले 6, म्हणजे रात्रीला 1,500 रुपये. तेवढ्यात पनवेलला बरे लॉज मिळते. लोकलवर मालक म्हणाला पंचवीस रात्री. मी म्हटले, मालकाला विचारू नकोस, कळंबोलीच्या चहाच्या टपरीवर तीन ड्रायव्हरांना विचार. ते म्हणाले अठरा. बंदराच्या गेटवर रांग लागली की रात्र केबिनमध्येच जाते. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम लिहिलेले होते. रांगेने तो कायदा वाचलेला नाही. असो. अठरा रात्री धरल्या तरी रात्रीला 500 पडतात.

पण तिसरा रस्ताही होता, आणि तो लपवणे बरोबर झाले नसते. लाइनचे काम घे, बायको-मुले गावीच ठेव, इथे चार जणांत एक कॉट घे. मग वाढलेले 13,000 जवळजवळ सगळे शिल्लक. सगळे इथे आणून लोकल करण्यापेक्षा महिन्याला 14,500 चा फरक, वर्षाला 1,74,000. एवढ्यात पाच वर्षांत गावाकडे पक्के घर उभे राहते. फक्त तोवर मुलगी नववीत गेलेली असेल, आणि तिने बापाला महिन्याला दोन दिवस पाहिलेले असेल. हा आकडाही मी त्याला लिहून दिला. त्यावर मत दिले नाही. म्हटले, पुढच्या वेळी सूनबाईंना घेऊन ये, इथे एकटीने राहायचे आहे ते त्यांना.

ती आली. सातवी शिकलेली, पण हिशेब मुखोद्गत. म्हणाली, तूट माझी मी भरते, इथे ब्लाउजची शिलाई गावाच्या दुप्पट आहे, मी दोन दुकानांत विचारून आले. सासूबाई येणार नाहीत, त्यांना धाकट्या दिराकडे ठेवायचं ठरलंय, ते मनाला लागतंय. एवढे बोलून थांबली, आणि मग विचारले, “काका, हे गाडीवर असताना रात्री पोर आजारी पडलं, तर मी दार कुणाचं वाजवायचं?”

माझ्या कागदात त्याला रकाना नव्हता.

विम्याचे मी त्यांना सांगितले, अपघाताचा वर्षाला 20 रुपयांचा आणि जीवनाचा 436 चा, दोन्ही दोन-दोन लाखांचे, दोन्ही काढले. शाळेचा दाखला एप्रिलमध्ये मिळेल. त्यांनी लोकल काम घेतले. आता खोली.

खोली आपल्याच सोसायटीत आहे, बी विंग, तळमजला. मालक तयार आहेत. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, ती ते पाळणार आहेत. पोलिसांत माहिती देणार आहेत, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्के भरणार आहेत. तरी दोन सभासदांनी तोंडी हरकत घेतली आहे, ‘ड्रायव्हर नको’ म्हणून. ट्रेलर गेटसमोर लागेल ही भीती असेल तर ट्रेलर मालकाच्या यार्डात उभा राहतो, तसे लेखी घेऊ. पण आपल्या उपविधीत भाडेकरूचा धंदा काय असावा याची अट मला कुठे सापडली नाही. पुस्तक दोनदा वाचले, निवृत्त माणसाला वेळ असतो. आणि पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा आपल्या पहिल्या पन्नास सभासदांत माथाडी होते, एसटीचे कंडक्टर होते, दोन टेम्पोवाले होते. त्यांतले एक आज व्यासपीठावर आहेत, रागावणार नाहीत अशी आशा आहे.

कमिटीची मीटिंग येत्या रविवारी सकाळी दहाला ऑफिसात आहे. मालकांचे पत्र विषयपत्रिकेत पाचव्या क्रमांकावर आहे. बी विंगच्या तळमजल्यावर समोरच्या दाराशी कोण राहते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वहिनींना मी विचारले. त्या म्हणाल्या, माझे दार वाजवू दे.