मुदत खुर्चीला, निर्णयाला नव्हे



संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापला आहे, 'नव्या नेतृत्वाला वेळ द्यायला हवा'. ऐकताच माना डोलाव्यात असा हा विषय आहे. नवा सरपंच आला, नवा नगराध्यक्ष आला, नवा मुख्यमंत्री आला आणि अंगावरचा गुलाल निघायच्या आत कुणी टीका केली, की एखादं वडीलधारं माणूस म्हणतंच, 'अरे, आत्ताच तर बसलाय, जरा दम धरा.' त्या म्हणण्यामागची माया मला कळते. पण या मायेपायी आपण सार्वजनिक कामात फार गमावलं आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि आज ते मांडायलाच मी उभा आहे. माणसाला वेळ द्यावा, त्याच्या कामाचं फळ दिसायलाही वेळ द्यावा. त्याच्या निर्णयाला मात्र एक दिवसाचीही सवलत देऊ नये. तिफण चालू असताना नळ्यातून बी उतरतंय की नाही हे चाड्यावर मूठ धरणारी बाई तासातासाला बघते, रास होईपर्यंत थांबत नाही. पीक कसं आलं ते राशीलाच कळणार, हे तिलाही ठाऊक असतं. या दोन गोष्टींतला फरक आपल्या शेतात जितका स्पष्ट आहे, तितका तो चावडीवर राहत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती या सभागृहाला सांगण्याची गरज नाही, म्हणून थेट 2017 वर येतो. त्या वर्षी सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, 2020 मध्ये ते रद्द झालं, 2022 मध्ये पुन्हा आलं. थेट निवडीबरोबर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 35 मध्ये एक तरतूद आली. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही, आणि मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांतही येत नाही. मधल्या काळात आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य पाठीशी लागतात, आणि त्यावर ग्रामसभेनं गुप्त मतदानानं शिक्कामोर्तब करावं लागतं. 'बघा, कायद्यानंच दोन वर्षं दिली आहेत,' असं म्हणणारे नेमके इथे थांबतात. त्यांनी त्याच अधिनियमाचं कलम 7 वाचावं. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्या, असं ते सांगतं, आणि नवा सरपंच आहे म्हणून त्यांतली एकही माफ होत नाही. म्हणजे ज्या दोन वर्षांत त्याला खाली खेचता येत नाही, त्याच दोन वर्षांत त्याला किमान आठ वेळा गावासमोर बसून उत्तरं द्यायची आहेत. कायदा करणाऱ्यांनी खुर्ची स्थिर केली ती प्रश्न मोकळेपणानं विचारता यावेत म्हणून, असंच मी त्याचं वाचन करतो. प्रश्नामुळे खुर्ची जाणार नाही, हे एकदा दोन्ही बाजूंना कळलं की विचारणारा शत्रू ठरत नाही आणि उत्तर देणाऱ्यालाही धास्ती राहत नाही.

नेत्याच्या पहिल्या दिवसांवर माझा भर का, तर जे निर्णय मागे घेता येत नाहीत, त्यांतले बरेचसे याच दिवसांत होतात. 2022 चा पावसाळा आठवा. 29 जूनला जाणाऱ्या मंत्रिमंडळानं आपल्या शहराच्या नामांतराचा ठराव केला. 30 जूनला नवे मुख्यमंत्री शपथ घेतात, आणि 16 जुलैला तोच निर्णय नव्यानं होतो. मधे 14 जुलैला सरपंच आणि नगराध्यक्ष थेट निवडायचा निर्णय होऊन जातो. 9 ऑगस्टपर्यंत मंत्रिमंडळात एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस असे दोघेच होते. (सभागृहात कुजबुज) थांबा, थांबा. धाराशिव हे नाव योग्य की अयोग्य यावर मी आज बोलत नाही. त्यावर 24 फेब्रुवारी 2023 ला केंद्राची मान्यता आली, 2024 च्या मे महिन्यात उच्च न्यायालयानं विरोधातल्या याचिका फेटाळल्या, तो विषय संपला. माझा मुद्दा साधा आहे. राज्यातल्या प्रत्येक गावाचा सरपंच कसा निवडायचा, हे शपथेनंतर पंधरा दिवसांत ठरलं. ते चांगलं ठरलं असं मलाही वाटतं. पण 'शंभर दिवस द्या' म्हणून जो गप्प बसला, त्याचं बोलणं सुरू होईपर्यंत विषयच निकाली निघालेला होता. नेता स्वतः थांबत नाही, आणि त्यानं थांबूही नये. मग आपणच का थांबावं? शंभर दिवसांची ही प्रथा अमेरिकेच्या रुझवेल्टपासून आली. त्यांनी मार्च 1933 मध्ये सूत्रं घेतली आणि चार-पाच दिवसांत बँकांविषयीचा कायदा करून घेतला. तिथेही शंभर दिवस मोजले गेले ते नेत्याच्या कामाचे, लोकांच्या मौनाचे नव्हेत.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हाचंही हेच. 16 ऑगस्ट 1982 ला लातूर वेगळं झालं तेव्हा मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले यांना सात महिनेही पुरते झाले नव्हते. लातूरचं नाव काढलं की या बाजूचे लोक सावरून बसतात, ते मला दिसतंय. (हशा) त्या वाटणीत आपल्याला काय आलं याचा हिशेब आपण चाळीस वर्षं करतोय. तो हिशेब वाटणीच्या आधी कागदावर व्हायला हवा होता, एवढंच म्हणून पुढे जातो.

पुढे म्हणजे 30 सप्टेंबर 1993 कडे. इथे मला थोडा वेळ लागणार आहे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप, सुमारे दहा हजार माणसं दगडमातीच्या माळवदांखाली गेली. किल्लारी तिकडे, सास्तूर आपल्याकडे. मुख्यमंत्री शरद पवार त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात परतले होते, म्हणजे ही कारकीर्दही सातव्या महिन्यात होती. त्या दिवसांत शासन ज्या वेगानं हललं, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आपल्या विषयासाठी पाहायचं ते पुनर्वसनाकडे. सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झालेली 52 गावं नव्या जागी बसवायची, असं ठरलं. हे वरून लादलं असं म्हणणं अन्यायाचं होईल, कारण ज्या ढिगाऱ्यातून आपली माणसं काढली तिथे पुन्हा चूल मांडायची नाही, असं वाचलेले लोकच सांगत होते. तेव्हा जागा बदलण्याचा निर्णय लोकांचाही होता. गाव कसं आखायचं, हे मात्र त्या घाईत निसटलं. जमिनीच्या प्रमाणात घर ठरलं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 400, मोठ्याला 750. कागदावर हे सुटसुटीत वाटतं. जमिनीवर त्याचा अर्थ असा झाला, की बऱ्याच गावांत एका मापाची घरं एका बाजूला लागली आणि एका गल्लीत राहिलेले भाऊ वेगवेगळ्या टोकांना गेले. शहरी वसाहतीसारखे सरळ, रुंद रस्ते आले, त्यात गावाचा पसारा जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट झाला, शेत लांब गेलं. गुरं बांधायची कुठे, कडबा रचायचा कुठे, हे आराखड्यात नव्हतं. आज त्या गावांतून फिरा. मूळ घराला जोडलेले पत्रे आणि पुढे काढलेल्या पडव्या दिसतील. आराखड्यावर जो प्रश्न विचारायचा राहिला, त्याचं उत्तर लोकांनी नंतर पदरच्या पैशानं बांधलं आहे.

त्याच पुनर्वसनाचा दुसरा भाग दुरुस्ती-मजबुतीकरणाचा, सुमारे दोन लाख घरांचा. तिथे घरमालकाच्या हाती हप्त्याहप्त्यानं पैसा आला आणि कसं बांधायचं ते त्यानं अभियंत्याच्या सल्ल्यानं ठरवलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगानं गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. कोपऱ्याला सळई टाकली का, भिंतीत जोडदगड बसवले का, हप्ता का अडला, हे त्या विचारत होत्या. काम चालू असताना. म्हणजे भूकंप तोच, शासन तेच, घाईही तीच. जिथे प्रश्न कामाबरोबर चालले, तिथलं घर आज राहणाऱ्याला आपलं वाटतं. 1995 च्या मार्चमध्ये राज्यात सत्तांतर झालं, मनोहर जोशींचं सरकार आलं, तरी हा कार्यक्रम चालू राहिला. एखाद्या नेत्याच्या भरवशावर तो उभा असता तर असं झालं असतं का, याचा विचार करावा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. तीन आक्षेपांतला एकच नीट घेतो, बाकीचे उभ्या उभ्या. 'टीका करणारे पडलेल्या पॅनलचे असतात,' हे खरं आहे. असू देत. पडलेल्या पॅनलच्या माणसानं पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीचा हिशेब मागितला, तर हिशेब खोटा ठरत नाही. दुसरा, 'लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिलंय.' लोकांनी माणूस निवडला. त्याच्या पुढच्या प्रत्येक सहीला त्यांनी आधीच मान्यता दिली, असा अर्थ मतपत्रिकेतून निघत नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो करणाऱ्यांविषयी मला आस्था आहे. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पहिल्यांदा खुर्चीवर बसलेल्या बाईला, त्यातही अनुसूचित जातीच्या बाईला, पहिल्याच दिवशी प्रश्नांनी घेरलं तर ती मोडून पडेल, गावातले जुने पुढारी टीकेचं हत्यार करतील, असं ते म्हणतात. हत्यार झालेलं आहे, हे नाकारता येणार नाही. महिला सरपंचाविरुद्धच्या अविश्वास ठरावासाठी तीन चतुर्थांश बहुमताची अट कायद्यात उगाच आलेली नाही. पण गावात प्रत्यक्ष काय घडतं ते पाहा. 'बाई नवीन आहे, तिला त्रास नको' म्हणून प्रश्न विचारला जातो तिच्या नवऱ्याला, नाहीतर ग्रामसेवकाला. पाहता पाहता कारभार त्यांच्याकडे जातो, आणि बाई सहीपुरती उरते. ज्या बाईला ग्रामसभेत नाव घेऊन, आदरानं विचारलं जातं की 'सरपंचताई, पाणीपुरवठ्याची ही पाइपलाइन आधी का घेतली?', तिला ती फाइल वाचावी लागते. पुढच्या सभेला ती तयार होऊन येते. आपण तिला सरपंच मानतो, हे सांगण्याचा माझ्या मते याहून चांगला मार्ग नाही. तिच्या चारित्र्यावर, कपड्यांवर, जातीवर पारावर जे बोललं जातं त्याला मी टीका म्हणत नाही, आणि त्याला पहिल्या दिवशीच काय, पाचव्या वर्षीही मुभा नसावी. ते बोलणं थांबवायची जबाबदारी या सभागृहात बसलेल्या पुरुषांची आहे. ती त्यांनी घेतलेली मला फारशी दिसलेली नाही.

एक चिठ्ठी आली आहे, ती घेऊन थांबतो. 'ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, मग तहकूब सभेत चार माणसांत सगळं मंजूर होतं. प्रश्न विचारायचा कधी?' ज्यांनी ही चिठ्ठी लिहिली, त्यांना गाव माहीत आहे. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांत जे कमी असेल ते लागतं. तहकूब सभेला तेवढीही माणसं लागत नाहीत. म्हणून तहकूब सभेलाच जा. नोटीस लागली की विषयपत्रिकेचा फोटो काढून ठेवा. आराखड्याचा विषय असेल तर नमुना 1, म्हणजे अंदाजपत्रक, समोर ठेवायला सांगा. प्रश्न लेखी द्या, आणि तो इतिवृत्तात आला का हे सह्या व्हायच्या आधी वाचून पाहा. नसेल आला तर दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. तेवढा वेळ मात्र नव्या सरपंचाला अवश्य द्या.