घेण्याचे माप आणि देण्याचे माप
(एका गावसभेत झालेले व्याख्यान)



इस्लाम धर्मात न्यायाविषयी काय सांगितले आहे, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी मौलवी नाही, पंडितही नाही. म्हणून बाजारातल्या, घरातल्या आणि शेतातल्या गोष्टी तेवढ्या सांगतो. न्याय म्हणजे काय, हे कष्टकऱ्याला तागडीपुढे उभे राहिले म्हणजे कळते.

मक्का हे व्यापाराचे शहर. तेथे ज्याचे कुळ बळकट, त्याचाच शब्द चाले. एकदा येमेनकडचा एक व्यापारी माल घेऊन आला. मक्केतल्या एका बड्या असामीने माल ताब्यात घेतला आणि पैसे बुडवले. परक्याला तेथे ना भाऊ, ना भावकी. दाद कोण देणार? त्याने सर्वांसमक्ष टाहो फोडला. तेव्हा काही घराण्यांची माणसे एका घरी जमली आणि त्यांनी शपथ घेतली की, ज्याच्यावर जुलूम होईल तो मक्केचा असो वा परका, त्याचा हक्क त्याला मिळेतो आम्ही त्याच्या पाठीशी राहू. त्या बैठकीला महंमद हजर होते. तेव्हा ते ऐन तरुण होते, पैगंबरपद पुढे होते. शपथ घेणारे लोक मूर्तिपूजक होते. तरीही पुढे इस्लामचा प्रसार झाल्यावर ते म्हणत की, त्या शपथेच्या नावाने आजही कोणी हाक मारली तर मी धावून जाईन. न्यायाचे काम कोणाच्या घरी सुरू झाले, हे त्यांनी पाहिले नाही.

कुराणात ८३ वा अध्याय माप मारणाऱ्यांच्या नावाचाच आहे. लोकांकडून घेताना जे भरून घेतात आणि लोकांना देताना मात्र कमी मोजून देतात, त्यांचा नाश ठरलेला, असे त्याच्या आरंभीच बजावले आहे. पाहा, येथे दोष नुसत्या कमी मापाचा नाही. आपल्यासाठी एक माप आणि दुसऱ्यासाठी दुसरे, हा खरा गुन्हा आहे. बाकीचे सगळे अन्याय याच दोन मापांतून निघतात.

एकदा पैगंबर बाजारातून जात असता धान्याची रास दिसली. वरून धान्य कोरडे होते. त्यांनी आत हात घातला तो बोटांना ओल लागली. मालक म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले, मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते? आणि जो फसवतो तो आमच्यातला नव्हे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

आता मोठ्या घरची गोष्ट ऐका. मख्जूम हे कुरैशांतले मातब्बर घराणे. त्यातल्या एका बाईने चोरी केली. घराण्याची अब्रू जाईल म्हणून लोकांनी पैगंबरांच्या लाडक्या उसामामार्फत वशिला लावला. पैगंबर रागावले. पूर्वीचे लोक बुडाले ते यामुळेच, असे ते म्हणाले. त्यांच्यात थोराने चोरी केली तर सोडीत आणि दुबळ्याने केली तर शिक्षा देत. माझी स्वतःची मुलगी फातिमा जरी चोर ठरली, तरी तिला हीच शिक्षा देईन, असे त्यांनी सुनावले. ती शिक्षा फार कडक होती. पण मी सांगतो आहे ते शिक्षेचे नव्हे, सारख्या मापाचे.

याहून अवघड कसोटी मदिनेत लागली. कुराणाचे जुने भाष्यकार सांगतात की, एका मुसलमानाने शेजाऱ्याचे चिलखत चोरून एका यहुद्याकडे ठेवले आणि आळ त्याच यहुद्यावर घातला. चोराचे भाऊबंद आपल्या माणसाची बाजू घेऊन पैगंबरांकडे आले. परंतु कुराणाच्या चौथ्या अध्यायातील १०५ व्या आयतीपासूनचा भाग उतरला तो त्या परधर्मी निरपराध्याच्या बाजूने. त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे की, साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध वा आप्तांविरुद्ध जात असली तरी न्यायावर ठाम राहा. आणि पाचव्या अध्यायाची आज्ञा अशी की, एखाद्या समाजाच्या वैरापायी तुम्ही अन्याय करू नका. मित्राला कोणीही न्याय देईल. वैऱ्याला द्यावा तेव्हा तो न्याय.

मजुराविषयीची शिकवण तुम्ही ऐकली असेल: घाम वाळण्याच्या आत त्याची मजुरी द्यावी. दुसऱ्या एका वचनात असे आहे की, पुरते काम करून घेऊन जो मजुरी बुडवतो, त्याच्याविरुद्ध निवाड्याच्या दिवशी खुद्द ईश्वर वादी होऊन उभा राहील. ज्याला वकील करण्याची ऐपत नाही, त्याला याहून मोठा वकील कोणता?

जोतीराव फुल्यांनी 'मानव महंमद' हा अखंड रचला तो उगाच नव्हे.

कोणी विचारील, मुसलमान म्हणवणारे राजे आणि सावकार या शिकवणीप्रमाणे वागले काय? पुष्कळ वागले नाहीत. धर्माचे नाव लावून जुलूम करणारे प्रत्येक धर्मात झाले. पण ते जुलमी ठरतात ते ह्याच शिकवणीच्या मापाने.

आता शेवटचे बोलतो. कडू लागेल, क्षमा करा. पायली-शेर गेले, किलो आले, पण काटा मारणे गेले नाही. व्यापारी काटा मारतो म्हणून आपण ओरडतो, आणि ओरडलेच पाहिजे. पण कापसावर पाणी कोण मारतो? गोणीत वर निवडक कांदा आणि तळाला चिंगळी कोण भरतो? बांधावर राबणाऱ्या बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी देऊन, तीही पुढच्या बाजारावर कोण ढकलतो? गावात भांडण झाले की आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा माणूस चुकलेला दिसत असूनही त्याच्या बाजूने साक्ष कोण देतो?

तो हात त्या राशीत गेला तसा आपण आपल्याच राशीत घालून पाहू. ओल लागली तर भिजलेले वर काढून ठेवू. घ्यायला आणि द्यायला एकच माप ठेवू. मग परक्याच्या मापाला हात घालण्याचा हक्क आपल्याला पोचेल.